झोपणारे पहारेकरी : अल्पऊर्जा बिनतारी संवेदक-जाळ्याचे कार्य

पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या मार्गावर रात्रीची गस्त वाढविली जाते. भर पावसात विजेरी घेऊन गस्तवाला कटिंगमधून चालतो आणि वरच्या दरडीकडे पाहतो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळल्याने झालेल्या अपघाताची आठवण या चालण्यामागे आहे. मार्गावर उपकरणेही आहेत. चिपळूण, रत्नागिरी, विलवडे आदी स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. रत्नागिरी व निवसर यांच्या दरम्यान पानवल नदीवरील उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जातो. परंतु पर्जन्यमापक स्थानकात असतो आणि दरड डोंगरात सुटते. त्या उतारात पाणी किती मुरले, माती किती कलली, हे जाणण्यासाठी उतारावरच अनेक ठिकाणी मोजमाप करावे लागते. तेथे वीज नसते. तारा ओढल्या तर झाडे पडून तुटतात. मोबाइलवर विसंबावे, तर जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले होते. त्याच अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे येथे दरडीखाली माणसे गेली.

अशा ठिकाणी उपयोगी पडू शकेल अशा एका रचनेचा परिचय आपण येथे करून घेणार आहोत. तिचे नाव बिनतारी संवेदक-जाळे. या जाळ्यातील प्रत्येक गाठीला ‘नोड’ म्हणतात. नोड म्हणजे मुठीएवढी डबी : आत मोजणारा संवेदक, लहानसा संगणक, रेडिओ आणि बॅटरी. आरंभीच्या अमेरिकी संशोधकांनी या डबीला धुळीचा कण या अर्थाने ‘मोट’ म्हटले. मराठी वाचकाला मोट म्हटले की विहीर आठवते. म्हणून आपण ‘नोड’च म्हणू.

पहिला प्रश्न विजेचा. अशा रेडिओला चालू असताना साधारण २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. पेन्सिल सेलच्या जोडीत सुमारे २५०० मिलिअँपिअर-तास साठा असतो. भागाकार केला तर १२५ तास, म्हणजे जेमतेम पाच दिवस. सौर पट्टी लावावी, तर रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ज्या आठवड्यांत दरडीचे भय, त्याच आठवड्यांत सूर्यदर्शन दुर्लभ.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण ती आपल्या सहज समजुतीच्या उलट आहे. आपल्याला वाटते, बोलायला शक्ती लागते, ऐकायला लागत नाही. या रेडिओंच्या बाबतीत ऐकत राहण्याला बोलण्याइतकीच वीज लागते. काहींत किंचित अधिकच. बोलणे क्षणाचे असते, निरोपाची वाट पाहणे मात्र दिवसभराचे. म्हणून बॅटरी खर्च होते ती मुख्यतः वाट पाहण्यात. यावर उपाय एकच : रेडिओ बंद करून झोपणे. शंभर क्षणांपैकी एकच क्षण रेडिओ जागा ठेवला, तर त्याचा सरासरी प्रवाह ०.२ मिलिअँपिअरवर येतो आणि तेच सेल पाच दिवसांऐवजी सुमारे सतरा महिने पुरतात.

पण सगळेच झोपले तर निरोप घेणार कोण? दोन शेजारी एकाच क्षणी जागे झाले तरच बोलणे होते. त्यासाठी काळाचे लहान लहान तुकडे पाडून कोणी कोणत्या तुकड्यात बोलावे व ऐकावे, हे आधीच ठरविले जाते. शेताला पाण्याची पाळी ठरवितात, तसेच. अडचण घड्याळांची असते. स्वस्त स्फटिकाचे घड्याळ दहा लाखांत वीस भाग चुकले, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक निरोपाच्या पोचेबरोबर शेजारी आपले घड्याळ जुळवून घेतात आणि उरलेल्या चुकीसाठी ठरल्या वेळेच्या किंचित आधी जागे होतात.

आता वाटेचा विचार करू. डोंगराची सोंड आड आली की लहरी अडतात. ओली पाने त्या शोषतात. अंतर दुप्पट झाले, तर मोकळ्या अवकाशातही चौपट शक्ती लागते आणि जमिनीलगत, झाडीतून त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून एका नोडने दूरवर ओरडण्याऐवजी जवळच्या शेजाऱ्याच्या कानी सांगायचे, त्याने पुढच्याला. शेवटी निरोप ‘गेटवे’ नावाच्या मोठ्या केंद्राकडे पोहोचतो.

ही वाट कोणी आखून देत नाही. गेटवे जाहीर करतो, ‘माझी पायरी शून्य.’ ज्यांना ते ऐकू येते ते म्हणतात, ‘आमची एक.’ त्यांच्या पलीकडचे दोन. प्रत्येक नोड आपल्याहून खालच्या पायरीचा, ज्याच्याशी बोलणे खात्रीने होते, असा शेजारी निवडतो. पऱ्याच्या पाण्याला समुद्र कोठे आहे हे ठाऊक नसते. जवळचा सखल भाग तेवढा सापडला की पुरे. तसेच हे. एखादा नोड बुजला, तर त्याचे शेजारी दुसरा उतार शोधतात. ‘साखळी’ न म्हणता ‘जाळे’ म्हणण्याचे कारण हेच : साखळीची कडी तुटली की सारे संपते, जाळ्याची गाठ सुटली तरी जाळे उरते. वाटांविषयीच्या या घोषणाही विजेच्या हिशेबानेच होतात. सारे स्थिर असेल तर त्या विरळ होत जातात. काही बदलले की पुन्हा घाईने सुरू होतात. या रेडिओंसाठीचे ८०२.१५.४ हे मानक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका वेळचा निरोप फार तर १२७ बाइटांचा असतो. म्हणजे हे जाळे चित्रे पाठवीत नाही, थोडे आकडे पाठवते.

या रचनेचा एक दोष प्रशंसेच्या भरात सांगितला जात नाही. गेटवेजवळच्या नोडांना स्वतःचे निरोप तर द्यावे लागतातच, शिवाय मागच्या सर्वांचे वाहावे लागतात. त्यांची बॅटरी आधी संपते आणि मागचे नोड शाबूत असूनही मुके होतात. म्हणून तेथे जास्त नोड किंवा मोठ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागतात.

आपल्याकडे अशी जाळी प्रत्यक्ष उभारली गेली आहेत. मुंबईच्या आयआयटीने नाशिकच्या द्राक्षमळ्यांत हवा-मातीच्या नोंदींसाठी त्यांचा प्रयोग केला. दरडीच्या बाबतीत केरळातील मुन्नारचे उदाहरण पाहावे. तेथे अमृता विश्वविद्यापीठाने डोंगरउतारात खोल भोके घेऊन मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाब, ओलावा आणि हालचाल मोजणारे संवेदक बसविले व त्यांच्या नोंदी बिनतारी जाळ्याने गोळा करून उपग्रहामार्गे विद्यापीठाकडे नेल्या. हा दाब महत्त्वाचा, कारण तो वाढला की मातीच्या कणांची एकमेकांवरील पकड सैल होते.

आणि येथेच खरा पेच आहे. द्राक्षमळ्यात नोंद अर्धा तास उशिरा आली तरी बिघडत नाही. दरडीच्या बाबतीत अर्धा तास म्हणजे माणसे घराबाहेर पडण्याची वेळ. जास्त झोपावे तर इशारा उशिरा, जास्त जागावे तर श्रावणाआधीच बॅटरी संपते. यावर व्यवहार्य तोड म्हणजे झोपेचे प्रमाण पावसावर सोपविणे : कोरड्या दिवसांत क्वचित मोजायचे, पावसाने किंवा दाबाने ठरलेली मर्यादा ओलांडली की वारंवार. ती मर्यादा किती असावी, हे रेडिओचे शास्त्र सांगू शकत नाही. ते त्या उताराच्या मातीने आणि पूर्वीच्या पावसाळ्यांच्या नोंदींनी ठरते. मुन्नारची मर्यादा कोकणातील जांभ्याखालच्या चिकणमातीला जशीच्या तशी लावता येणार नाही. शिवाय गेटवेपासून घरापर्यंतचे शेवटचे अंतर मोबाइलवरच सोपविले, तर २०२१ सारख्या रात्री आकडे गेटवेत पडून राहतील. वाडीत स्वतःच्या बॅटरीवर वाजणारा भोंगा हवाच.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखादा उतार डोळ्यांसमोर आणा. तेथे असे जाळे बसवायचे असल्यास गेटवे कोठे ठेवाल व का, हे ग्रामसभेला समजेल अशा भाषेत दीडशे शब्दांत लिहा. ‘नोड’ आणि ‘गेटवे’ हे शब्द न वापरता लिहून पाहा.