पारख घरच्या पेयाची

घरी बिअर तयार करणारे हौशी लोक आपल्या पेल्यातल्या पेयाचे जे बारकाईने वर्णन करतात, ते केवळ रसिकतेचे प्रदर्शन नसून निर्मितीची तपासणी असते, कारण चवीतल्या प्रत्येक छटेचे मूळ पिंपात घडलेल्या एखाद्या क्रियेत सापडते. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात मुरवून त्याचा गोड अर्क काढतात, हॉप्स या वेलीच्या फुलांनी त्याला कडवटपणा देतात आणि यीस्ट, म्हणजे साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारी सूक्ष्म बुरशी, घालून तो आंबवतात. जर्मन धर्तीच्या गव्हाच्या बिअरला येणारा पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टची देणगी असतो आणि तेथे तो हवासा वाटतो. फिकट लागर प्रकारच्या बिअरला मात्र लोण्यासारखा वास आला, तर यीस्टला आपले काम पुरते करू दिले नाही, असे जाणकार ओळखतो. अशा छटांना निश्चित नावे देणारे स्वादचक्र मॉर्टेन मेलगार्ड या रसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडले.

हे ज्ञान उघडपणे वाढण्यासाठी कायद्याची मोकळीक लागते. ब्रिटनने घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये काढली आणि अमेरिकेच्या संघीय कायद्याने १९७८ मध्ये तशी सूट दिली. बुंदेलखंडातल्या झाशीत मात्र अशी मोकळीक नाही. उत्तर प्रदेशात १९१० च्या अबकारी कायद्यानुसार परवान्याविना मद्य बनवणे हा गुन्हा आहे. शिवाय मे-जूनमध्ये येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर एल प्रकारच्या बिअरचे नेहमीचे यीस्ट साधारण २० अंशांच्या आसपास उत्तम काम करते आणि फार उष्णतेत घशाला झोंबणारे जड मद्यार्क निर्माण करते.

घरगुती मद्याची बुंदेलखंडातली खरी परंपरा मात्र जवाची नसून मोहाची आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेली मांसल फुले वेचून वाळवतात. वाळल्यावर त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. त्यांपासून ‘डुभरी’ हा शिजवलेला पदार्थ आणि तिळासोबत कुटून ‘लटा’ हा गोड पदार्थही होतो, म्हणून मोह म्हणजे केवळ दारू ही समजूत या झाडावर अन्याय करणारी आहे. मद्यासाठी फुले पाण्यात आंबवून, ते पाणी उकळून त्याची वाफ थंड करतात. म्हणजे हे पेय ऊर्ध्वपातित असल्याने बिअरच्या जातीचे नव्हे, परंतु त्याची पारख त्याच तर्काने चालते. फुले नीट वाळली नसतील तर कुबटपणा येतो, आंबवण लांबले तर जिवाणू मद्यार्काचे आम्ल करतात आणि शिरक्याचा वास सुटतो, आच जास्त झाली तर तळाशी लागलेल्या लगद्याचा जळका वास थेट मद्यात उतरतो. ‘पहिल्या धारेची’ या आपल्या परिचित शब्दप्रयोगामागेही हेच निरीक्षण आहे: मद्यार्क पाण्याच्या आधी उकळत असल्याने सुरुवातीची धार तीव्र असते आणि पुढची उत्तरोत्तर मंद होत जाते. काही थेंब आगीवर टाकून भडका पाहणे ही तीव्रता जोखण्याची साधी रीत आहे.

ज्यांच्या हाताला ही जाण आहे, त्यांच्याकडे गुणदोषांचे शास्त्र असते, हे वसाहती अबकारी धोरणाने कधी मान्य केले नाही. मुंबई इलाख्याने तर १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच नियंत्रण आणणारा कायदा केला. झाशीला लागून असलेल्या मध्य प्रदेशाने मात्र आदिवासींना स्वतःच्या वापरापुरते मद्य गाळण्याची सवलत दिली असून अलीकडे मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून परवान्याने विकण्याची वाटही उघडली आहे. अशा वारसा मद्याचा दर्जा ठरवताना प्रयोगशाळेतील मोजमापांच्या जोडीने मोह गाळणाऱ्या आदिवासींचे मतही नोंदवले जायला हवे.