डस्ट टू : सेकंदांवर बांधलेलं गाव

'काउंटर-स्ट्राइक' या खेळातल्या डस्ट टू या नकाशाच्या मधोमध एक दुपाखी दरवाजा आहे. त्याची दारं पुरती मिटत नाहीत, मध्ये फट राहते. फेरी सुरू झाली की दहशतवाद्यांच्या बाजूचा एक जण आपल्या जागेवरूनच स्नायपर रायफलीची दुर्बीण त्या फटीवर लावतो. पलीकडे पोलिसांच्या बाजूचे गडी 'बी' या बॉम्बच्या जागेकडे धावत निघालेले असतात आणि त्यांना त्या फटीसमोरून जावंच लागतं. दिसतात ते क्षणभरच. तेवढ्यात चाप ओढला गेला की पाचाचे चार होतात, आणि खेळ अजून धड सुरूही झालेला नसतो. २०२१ साली खेळ चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीनं मध्ये आडोसा घालून ही नजर अडवली, तेव्हा काहींनी हुश्श केलं आणि काहींनी कंपनीच्या नावानं बोटं मोडली. एका फटीवरून इतकी वर्षं भांडण चालावं, यातच नकाशा रचणं म्हणजे काय ते आलं.

'काउंटर-स्ट्राइक'चा खेळ सांगायला सोपा. पाच विरुद्ध पाच. हल्लेखोरांनी 'ए' किंवा 'बी' या दोनपैकी एका जागी बॉम्ब लावायचा, रक्षकांनी तो लावू द्यायचा नाही. लागलाच तर चाळीस सेकंदांत निकामी करायचा. त्या कामाला दहा सेकंद लागतात, खिशात अवजारांची पेटी असेल तर पाच. फेरीत एकदा मेलात की पुढच्या फेरीपर्यंत बघत बसा. २००० नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत किंवा इंजिनिअरिंगच्या होस्टेलात ज्यांनी रात्री घालवल्या त्यांना हे सांगायला नको. 'लाँगला दोन', 'मिडला स्नायपर', 'टनेल रिकामं' ही त्यांची बोली होती आणि तिच्यातले सगळे पत्ते बहुतेक वेळा डस्ट टूचेच असत.

हे गाव वसवलं डेव्ह जॉन्स्टन नावाच्या एका इंग्रज पोरानं. १९९९ साली मिन्ह ले आणि जेस क्लिफ हे दोघे 'हाफ-लाइफ' या खेळात फेरफार करून फुकट वाटण्यासाठी काउंटर-स्ट्राइक घडवत होते. नकाशे लागत, ते हौशी पोरं करून पाठवत. जॉन्स्टन तेव्हा शाळकरी वयाचा. 'टीम फोर्ट्रेस टू' या येऊ घातलेल्या खेळाची वाळवंटी चित्रं त्यानं पाहिली आणि तसंच काही करायचं ठरवलं. ही उचलेगिरी त्यानं पुढे मोकळेपणानं सांगितली आहे. भिंतींना लागणारे वाळूच्या रंगाचे पोत क्रिस अ‍ॅश्टननं बनवून दिले. त्यातून आधी 'डस्ट' झाला आणि २००१च्या मार्चमध्ये त्याचा धाकटा भाऊ आला. मोठ्याच्या नावाला आपण बट्टा लावू, या धास्तीनं जॉन्स्टननं त्याला 'डस्ट तीन' म्हटलं होतं. क्लिफनं तीनाचे दोन केले. गंमत अशी, की मूळ टीम फोर्ट्रेस टू त्या वाळवंटी रूपात कधी आलाच नाही. २००७मध्ये तो निघाला तो व्यंगचित्रासारखा रंगीत होऊन. अस्सल राहिलं कागदावर आणि नक्कल अजून खेळली जाते.

कागदावर डस्ट टू अगदी साधा आहे. खाली हल्लेखोर, वर रक्षक. उजव्या कडेनं 'लाँग' हा लांबलचक रस्ता वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या 'ए'कडे जातो. डावीकडून अंधारे बोगदे 'बी'त उघडतात. मधून 'मिड', आणि मिडवरून एक अरुंद कट्टा पुन्हा 'ए'कडे चढतो. संपलं. हल्लेखोरानं रस्ता निवडायचा, रक्षकानं तो ओळखायचा.

खरी कारागिरी मात्र अंतरांत आहे. नकाशाकाराचा कच्चा माल विटा नव्हे, सेकंद. जागेवरून निघालेला माणूस कोणत्या वळणाला किती वेळात पोचतो हे मोजत तो भिंती मागेपुढे सरकवतो. रक्षक बॉम्बच्या जागी थोडा आधी पोचला पाहिजे, नाहीतर तो रक्षण कसलं करणार? पण फार आधी पोचला तर ठाण मांडून बसेल आणि हल्लेखोराला आशाच उरणार नाही. लाँगच्या दारांपाशी दोन्ही बाजू जवळपास एकाच वेळी येतात, म्हणून तिथली पहिली चकमक इतकी गरम. हातात चाकू धरला की बंदुकीपेक्षा वेगानं पळता येतं, हेही त्या हिशेबात धरावं लागतं.

आणि वळणं. लाँगला शिरताना एक दार, मग छोटी मोकळी जागा, मग दुसरं दार, तेही सरळ रेषेत नाही. खेळाडूला यात डाव दिसतो, पण अशा वळणांमागे त्या काळात यंत्राची मजबुरीही होती. तेव्हाचे संगणक एका वेळी थोडेच पृष्ठभाग रंगवू शकत. म्हणून नकाशा तयार करतानाच, कुठल्या कोपऱ्यातून कुठला कोपरा दिसतो याचा हिशेब संगणक आधीच मांडून ठेवी. त्याला तासन्‌तास लागत. दूरवर सरळ नजर जाऊ दिली की खेळ अडखळायचा. मग वाट वाकवा, मध्ये खोकी रचा, दार घाला. बाहेरच्या कवचाला कुठे बारीकसं भोक राहिलं तर तो हिशेब जमतच नसे आणि पोरं रात्रभर ते भोक शोधत. आज संगणक शेकडो पटींनी ताकदवान आहेत, तरी वळणं राहिली. खोकीही राहिली. मजबुरीत सापडलेली युक्ती चांगली होती, एवढाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्राला वळणाचं दार नवीन नाही. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत लपलेला असतो. गोमुखी बांधणीमुळे शत्रूला दार शेवटपर्यंत दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा तो दोन्हीकडून माऱ्याखाली असतो. पण तिथे बांधणाऱ्याचा पक्ष ठरलेला होता. खेळाचा नकाशाकार दोन्ही पक्षांचा नोकर. त्यानं गोमुख बांधायचं आणि ते फोडण्याची एक वाटही बांधायची. मिडवरचा तो अरुंद कट्टा म्हणजे ही दुसरी वाट : लाँगवर नजर लावून बसलेल्या रक्षकाच्या कुशीत तो निघतो. मला विचाराल तर डस्ट टूचा प्राण त्या कट्ट्यात आहे, गाजलेल्या लाँगमध्ये नाही.

या धंद्यात सजावट सगळ्यात शेवटी येते. आधी राखाडी ठोकळ्यांचा नुसता सांगाडा उभा करतात आणि महिनोन्‌महिने त्यावर खेळून पाहतात. सुंदर भिंत पाडायला जीव धजत नाही, ठोकळा पाडायला काही वाटत नाही. रचणाऱ्याला खेळाडूचीही नजर लागते : 'कॅश' हा नकाशा रचणाऱ्या जोडीतला साल्व्हातोरे गारोत्सो आधी स्वतः व्यावसायिक खेळाडू होता, हे उगीच नव्हे. २०१७च्या फेब्रुवारीत वॉल्व्हनं डस्ट टू स्पर्धांतून बाहेर काढला आणि ऑक्टोबरमध्ये नव्या रूपात आणला. उत्तर आफ्रिकेतल्या गावासारखी दुकानं आली, मोटारी आल्या. रस्ते जवळपास तसेच ठेवले. भर होता तो खेळाडू पार्श्वभूमीवर उठून दिसावा यावर. काळोखात मरणं लोकांना चालतं, आपण कुणाच्या हातून मेलो हे न दिसणं चालत नाही.

ते गाव नेमकं कुठलं, हे मात्र जॉन्स्टननं कधी नीट ठरवलं नव्हतं. पिवळ्या भिंती, कमानी, वाळू. पाश्चात्त्य खेळांना 'तिकडचं कुठलंतरी' एवढं पुरतं. २००९च्या 'मॉडर्न वॉरफेअर टू'मध्ये तर कराची नाव देऊन नकाशा केला आणि पाट्या लावल्या अरबी. उर्दू लिहिणारं शहर हे पाहून हसलं की चिडलं कोण जाणे. सेकंदाचा दशांश मोजणाऱ्या धंद्यात पाटी वाचणारा एक माणूस मिळू नये, हा आळस आहे.

पुढे मोबाइल आला आणि नकाशे फुगले. पब्जी या खेळाचा एरांगल हा नकाशा आठ किलोमीटर लांब, आठ रुंद, शंभर माणसांचा. तिथे वाट ठरवता येत नाही, फक्त माल कुठे ठेवायचा आणि खेळाची हद्द असलेलं वर्तुळ कसं आवळायचं ते ठरतं. पोचिंकी हे रशियन वळणाचं गाव आपल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांना तोंडपाठ झालं ते यामुळे. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीनं २०२४च्या ऑक्टोबरमध्ये 'इंडस' हा खेळ आणला. त्यातलं बेट, विरलोक, भारतीय कल्पनेतून रचलेलं. आपल्याकडे हे काम होतं, हे पोरांच्या आईबापांना ठाऊक असायला हवं.

काउंटर-स्ट्राइक आज संगणकावर फुकट मिळतो आणि नकाशे बनवण्याची अवजारंही त्यासोबत फुकट मिळतात. तुमच्या घरात कुणी रात्री दोनपर्यंत 'लाँगला एक' म्हणून ओरडत असेल, तर त्याला एकदा ती अवजारं उघडायला सांगा. राखाडी ठोकळ्यांपासून सुरुवात करू दे. सजावट नंतर.