राणीचा गवई, राणीचा चिटणीस

१५६१ साली सॅव्हॉयच्या राजदूताबरोबर डेव्हिड रिझिओ हा तुरिनकडचा तरुण स्कॉटलंडला आला. राणी मेरी स्टुअर्टच्या दालनात गाणारे तिघे होते. खर्जातला आवाज कमी पडत होता. रिझिओला तो होता. दरबारी जेम्स मेलव्हिलच्या आठवणींतला हा तपशील मला कळीचा वाटतो. मातब्बर सरदारांनाही जिथे बोलावल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे, तिथे हा परमुलखातला गवई केवळ गळ्याच्या जोरावर रोज बसू लागला.

१५६४च्या अखेरीस राणीने त्याला फ्रेंच पत्रव्यवहाराचा चिटणीस केले आणि तो सरदारांच्या डोळ्यांत सलू लागला. राणीकडे काम असेल तर आधी रिझिओला गाठा, अशी स्थिती झाली. त्यातून तो कॅथलिक. प्रॉटेस्टंट सरदारांना तो पोपचा हस्तक वाटे. बंड फसून इंग्लंडला पळालेल्या सरदारांच्या जमिनी जप्त करण्यासाठी मार्च १५६६मध्ये संसद भरायची होती. इकडे राणीचा नवरा डार्न्ली राजाधिकारासाठी हटून बसला होता आणि राणी तो देत नव्हती. दोघांची गरज जुळली, लेखी करार झाला: सरदारांना माफी, डार्न्लीला मुकुट. रिझिओचे राणीशी अनैतिक संबंध आहेत, असेही डार्न्लीच्या मनात भरवले गेले. त्याला पुरावा नाही.

९ मार्चच्या रात्री होलीरूड राजवाड्यात, राणीच्या शय्यागृहाला लागून असलेल्या इवल्याशा खोलीत जेवण चालले होते. राणी सहा महिन्यांची गरोदर. खासगी जिन्याने आधी डार्न्ली वर आला. मागोमाग आजारातून उठलेला लॉर्ड रुथव्हेन, अंगात चिलखत घालून. झटापटीत मेज उलटले, अर्गाइलच्या काउंटेसने एक मेणबत्ती तेवढी सावरली. रिझिओने राणीच्या घागऱ्याला मिठी मारली. त्याला फरफटत बाहेर नेले आणि पन्नासहून अधिक वार केले. डार्न्लीचा खंजीर प्रेतातच ठेवला, म्हणजे त्याला नामानिराळे राहता येऊ नये.

वर्षाच्या आत डार्न्लीचाही खून झाला.

रिझिओला राणीचा प्रियकर म्हणून रंगवणाऱ्यांनी त्याच्यावर अन्याय केला आहे. जन्माने मिळणाऱ्या जागी तो गळ्याने आणि लेखणीने पोचला, हेच त्याच्या जिवावर बेतले. १७२५ साली लंडनमध्ये निघालेल्या विल्यम थॉमसनच्या गीतसंग्रहात काही स्कॉटिश गाणी त्याच्या नावावर छापली गेली. १७३३च्या आवृत्तीतून ते नाव गाळले. खात्रीने त्याची म्हणावी अशी एकही रचना आज उपलब्ध नाही.