टाके उसवणारं औषध

धाराशिवच्या आठवडी बाजाराला आलेला माणूस मेडिकलच्या काउंटरवर हमखास म्हणतो, “पडसं जाईना झालंय. भारीतल्या चार गोळ्या द्या, आधीच्या अंगाला सवयीच्या झाल्या.”

अंगाला सवय होत नाही, बदलतात ते जिवाणू. आणि पडसं होतं विषाणूंमुळे. विषाणूला पेशीच नसते, मग पेशीवर घाव घालणारं औषध तिथे धरणार काय?

“भारीतली” गोळी म्हणजे जास्त ताकदीची, हीही समजूत खोटी. घाव कुठे बसतो, यावर सगळं ठरतं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बनलेलं पेनिसिलिन जिवाणूला आपली भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, त्यामुळे ॲलर्जी नसेल तर ते माणसाला सोसतं. भिंतीच्या आतलं स्निग्ध पटल मात्र आपल्याही प्रत्येक पेशीला आहे. म्हणून पटलावर घाव घालणारी औषधं मोजकी, आणि ती जपूनच द्यावी लागतात. पिंपरीतच सापडलेलं हॅमायसिन बुरशीच्या पटलातल्या स्टेरॉलला चिकटतं. जिवाणूंच्या पटलात सहसा ते नसतं, म्हणून त्यांच्यावर ते चालत नाही.

जिवाणूंच्या पटलावरचं औषध म्हणजे कोलिस्टिन. ई. कोलाय, क्लेबसिएला यांना भिंतीबाहेरही एक पटल असतं. त्यावरच्या ऋण भारांना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे कण टाके घातल्यासारखे धरून ठेवतात. कोलिस्टिन त्या कणांना हुसकावून स्वतः बसतं. टाके उसवतात, मग आतलं पटलही फाटतं आणि पेशीतला ऐवज पाझरून जातो. दुसरी औषधं हरली की अतिदक्षता विभागात हे बाहेर काढतात. मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून तपासण्या सुरू ठेवाव्या लागतात.

“जनावराच्या औषधाचा आपल्याशी काय संबंध?” हा गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो. कोलिस्टिन कोंबडीच्या खाद्यात वाढीसाठी मिसळलं जायचं. २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. ते पटलावरचा ऋण भारच कमी करतं, मग कोलिस्टिनला धरायला जागा उरत नाही. शिवाय एका जातीच्या जिवाणूकडून ते दुसऱ्या जातीकडे जातं. डुकरांत, मांसात, रुग्णांत, सगळीकडे ते सापडलं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरता कोलिस्टिन बनवणं आणि विकणं बंद केलं. आपली उस्मानाबादी शेळी त्यात आलीच.

करडाला हगवण लागली की शेजाऱ्याकडची उरलेली पुडी पाण्यात कालवू नका. अंगातलं पाणी आधी भरून काढा, करडू पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आणि पुडीवरचं नाव तिथे वाचून घ्या.