कुत्र्याला घेऊन हुबळी-धारवाडला

सुगी आटोपली की दोन दिवस कोठेतरी जाऊन यावे असे घरच्या मंडळींना वाटते. पण दाराशी राखणीला असलेल्या कुत्र्याचे काय करायचे, येथे गाडे अडते. शेजाऱ्याच्या भरवशावर बांधून ठेवले तर पुष्कळ कुत्री अन्नाला तोंड लावीत नाहीत. त्यालाच बरोबर न्यायचे ठरले, तर बेळगाव-खानापूरकडील मंडळींना हुबळी-धारवाड सोईचे आहे. थंडीच्या दिवसांत हवा चांगली, आणि दोन्ही शहरांत अंतर अवघे वीस किलोमीटर.

पहिली तयारी लशीची. पिसाळ रोगाची, म्हणजे रेबीजची, पहिली लस टोचल्यावर अंगात पुरेशी शक्ती यायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी घाईने पहिली लस टोचून उपयोग नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात महिनाभर आधी जावे आणि लशीचे कार्ड जपून ठेवावे.

आगगाडीने जाणार असाल तर नियम नीट समजून घ्या. साध्या शयनयान डब्यात किंवा खुर्चीच्या डब्यात कुत्रा नेता येत नाही. वातानुकूलित पहिल्या वर्गाची संपूर्ण कूप किंवा खोली आपल्यासाठी राखली तरच तो शेजारी बसतो. एरव्ही पार्सल कचेरीत नोंद करून त्याला गार्डाच्या डब्यातील पेटीत ठेवतात. पेटीत वारा कमी आणि आवाज फार. वाटेत पाणी पाजणे हे मालकाचेच काम. शिवाय हुबळीचा मोठा फलाट 1507 मीटर लांब आहे. गाडीच्या एका टोकाला तुम्ही आणि दुसऱ्या टोकाला कुत्रा असला, तर उतरल्यावर धावपळ ठरलेलीच. आमच्या मते एवढ्या जवळच्या प्रवासाला चार घरांनी मिळून जीप करावी हे बरे. निघण्यापूर्वी तीन-चार तास त्याला पोटभर घालू नये, नाहीतर वाटेत ओकतो.

उणकल तळ्याचा काठ आणि नृपतुंग टेकडी येथे पहाटे किंवा सायंकाळी जावे. साखळी सोडू नये. शिकारी रक्ताचे कारवानी किंवा मुधोळ कुत्रे पक्षी दिसला की हाक ऐकत नाही. उतरण्याच्या जागी कुत्रा चालतो का, हे पत्र किंवा फोन करून आधीच विचारावे. धारवाडात बेंद्र्यांच्या साधनकेरीकडेही फिरता येईल. त्यांची काव्यभाषा कन्नड, पण घरची बोली मराठी होती. पेढा मात्र आपण खावा, कुत्र्याला घालू नये. तळ्याचे साचलेले पाणीही पाजू नये. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तो माणसालाही सोडीत नाही.

सर्वांत मोठा धोका बंद मोटारीचा. “पाच मिनिटांत येतो” म्हणून काचा लावून जाऊ नका. उन्हातल्या मोटारीत दहा मिनिटांत उष्णता सुमारे दहा अंशांनी चढते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो. लाळ गळू लागली, जीभ लालभडक झाली, पाय लटपटले, तर सावलीत न्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच डॉक्टरांकडे जावे.

परक्या गावची कुत्री अंगावर येतात. झोंबाझोंबी सोडवताना आपल्यालाच चावा बसतो. जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही. आपल्या कुत्र्याला चावा बसला असेल, तर लस झालेली असली तरी त्यालाही डॉक्टरांना दाखवावे.

घरी परतल्यावर त्याला गोठ्याकडे सोडण्याआधी कानांत आणि बोटांच्या फटींत गोचीड आहेत का पाहा. सापडल्यास कातडीलगत चिमट्याने धरून सरळ ओढून काढा, नखाने चिरडू नका, आणि हात साबणाने धुवा.