‘हुशार आहे हो, पण इच्छाच नाही’

पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मुलगा नववीत असतो. सातवीपर्यंत नंबर काढणारा, आणि आता वही उघडायची तर दहा वेळा सांगावं लागतं. आई थकून बोलत असते आणि शेजारी बसलेला तो बाकाचं निघालेलं सनमायका नखाने कुरतडत असतो. याच मुलाला रविवारी पहाटे मॅचसाठी मात्र कुणी उठवावं लागत नाही. म्हणजे इच्छा आहे. ती येते कुठून आणि अडते कुठे, हे जरा सावकाश पाहू.

सुरुवात शरीरापासून करावी लागते, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक पाझरू लागतं आणि झोप येते. वयात येताना त्याची वेळ पुढे सरकते. लहानपणी नऊला पेंगणारं मूल चौदाव्या वर्षी अकरालाही टक्क जागं असतं. मोबाइलच्या उजेडाने ही वेळ आणखी लांबते हे खरं, पण मुळातला बदल शरीराचाच आहे. अमेरिकेतल्या मेरी कार्स्कडन यांनी कित्येक वर्षं यावरच संशोधन केलं. तेरा ते अठरा या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. शाळा सात-दहाची, उठायचं पावणेसहाला, डोळा लागतो साडेअकराला. हिशेब सव्वासहा तासांवर थांबतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये वेळ बदलली ती चौथीपर्यंतच्या वर्गांची. चांगलंच झालं, पण झोपेचं घड्याळ सरकतं ते त्यानंतर, आणि अनेक शाळांत सकाळचं सत्र माध्यमिकच्याच वाट्याला येतं. माझ्या मते हा निर्णय अर्धाच राहिला आहे.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांमध्येही हे प्रमाण ३१ टक्के होतं. उंची झपाट्याने वाढत असते, मुलींची पाळी सुरू झालेली असते, आणि ताटात लोह कमी. मग जिना चढताना धाप लागते, वाचलेलं डोक्यात राहत नाही, दुपारच्या तासाला डोळे मिटतात. घरी त्याला ‘आळस भरलाय’ म्हणतात. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मोफत मिळते, ती पुष्कळ मुली मळमळतं म्हणून टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर हा त्रास कमी होतो. शाळेचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुलीही आहेत. त्यांना अभ्यासाचं महत्त्व सांगून काय होणार?

मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये माणसाच्या गरजांची मांडणी केली : आधी भूक-झोप, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान, आणि शेवटी आपल्यातलं सगळं सामर्थ्य फुलवणं. पुस्तकांत ती पिरॅमिडसारखी काढतात. तो पिरॅमिड मॅस्लोंनी काढलेला नाही, आणि हा क्रम सगळ्यांत सारखा नसतो हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. कुमारवयात तर मधल्या पायऱ्या उसळून वर येतात. भूक लागलेली असते, पण मैत्रिणींनी डबा आणला नाही म्हणून हिचाही डबा तसाच परत येतो. आपलेपणा भुकेवर मात करतो.

हे कसं घडतं, याचं एक उत्तर २००५ च्या एका प्रयोगात मिळतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी काही जणांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. पुढे गेलं तर गुण वाढतात, पण गाडी आपटली तर हातचे जातात. काही जण एकटे खेळले, काहींच्या मागे सोबती उभे होते. सोबती पाहत असले की १३ ते १६ वयाच्या मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. २४ वर्षांपुढच्यांवर सोबत्यांचा फारसा परिणाम झाला नाही. पुढे याच प्रकारच्या प्रयोगात मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा मित्र पाहत असताना मुलांच्या मेंदूतले बक्षिसाचा आनंद नोंदवणारे भाग जास्त जागे झालेले दिसले. म्हणजे धोका त्यांना कळत नाही असं नाही. मित्रांच्या नजरेपुढे त्यातलं बक्षीस मोठं वाटू लागतं. ग्रुपमधून काढलं म्हणून मुलगी रात्रभर रडली, तर ‘एवढं काय त्यात’ म्हणू नये. तिला ते आपल्यापेक्षा जास्त लागतं.

आता प्रश्न अभ्यासाचा. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना त्याचे पैसे दिले आणि नंतर बंद केले. मोकळ्या वेळेत पुन्हा कोडी हातात घेण्याची ओढ या मुलांमध्ये कमी झालेली दिसली. आवडीचं काम मोबदल्याचं झालं की ते मोबदल्यापुरतंच उरतं. ‘नव्वद टक्के मिळव, मोबाइल घेऊन देतो’ यात हाच धोका आहे. कंटाळवाण्या कामाला बक्षीस लावलं तर एवढं नुकसान होत नाही. ज्याची ओढ होती त्याचंच होतं.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे सांगितलं, की आतली ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात : माझं मी ठरवतो, मला हे जमतं, आणि इथली माणसं माझी आहेत. मॅचच्या सकाळी तिन्ही असतात. गणिताच्या वहीपुढे बहुधा एकही नसते. त्यातही ‘जमतं’ हे सगळ्यात दुर्लक्षित. सहावीत अपूर्णांकांचा छेद समान करणं राहून गेलं, आठवीत समीकरणं आली, नववीत तो वही उघडेनासा झाला. वही उघडली की रोज हरायचं, मग उघडेल कोण? अशा मुलाला प्रेरणेचं भाषण नको. पंधरा दिवस सहावीचे अपूर्णांक हवेत, तेही भावंडांसमोर हसं न करता.

कारण या वयाची मानाची भूक फार मोठी असते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या आठवीतल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मुलांना पौष्टिक खाण्याचे फायदे नेहमीसारखे सांगितले. काहींना, चटकदार पदार्थ बनवणाऱ्या कंपन्या लहान मुलांना कसं गुंडाळतात ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी वर्गातला खाऊ निवडताना या दुसऱ्या मुलांनी गोड पेयं आणि तसले पदार्थ कमी निवडले. फसवणूक ओळखणारे शहाणे म्हणून त्यांच्याशी बोललं गेलं होतं. घरातही हे करता येतं. ‘बस अभ्यासाला’ऐवजी ‘आज आधी काय घेतोस, आणि किती वाजता?’ असं विचारा, आणि त्याने सांगितलेली वेळ खरंच पाळू द्या.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. दोन आठवडे सलग मॅचही नको, मित्रही नकोत, झोप आणि भूक बिघडलेली, मरणाची भाषा कानावर आलेली, असं असेल तर यातलं काही करून पाहत बसू नका. थेट डॉक्टरांकडे न्या. मरणाची भाषा एकदा जरी ऐकली, तरी दोन आठवडे थांबू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.