सात नंबरच्या गाडीने आशिया

न्यूयॉर्कमध्ये आशियाई खाणं आणि किराणा शोधताय? मॅनहॅटनचं चायनाटाउन बघाच, पण माझं ऐकाल तर क्वीन्सकडे जाणारी ७ नंबरची सबवे पकडा.

६१ स्ट्रीट-वुडसाइडला उतरलात की फिलिपिनो वस्ती, आजूबाजूला त्यांच्या बेकऱ्या आणि खानावळी. पुढे ७४ स्ट्रीट, म्हणजे जॅक्सन हाइट्स. पोहे, बेसन, मेथीची जुडी हवी असेल तर पटेल ब्रदर्स. खरेदी झाली की तिबेटी-नेपाळी मोमो खा. बांगलादेशी मिठायाही तिथेच मिळतात.

शेवटचं स्टेशन फ्लशिंग. इथे पोट रिकामं ठेवून जा! न्यू वर्ल्ड मॉलच्या तळघरातल्या फूड कोर्टात चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांचे पदार्थ मिळतात. चित्रावर बोट ठेवून मागवलं तरी चालतं. कोरियन हवं असेल तर नॉर्दर्न बुलेव्हार्ड गाठा.

शाकाहारी मंडळींनी फ्लशिंगमध्येच बाउन स्ट्रीटवरच्या गणपती मंदिरात जावं. मंदिर १९७७ सालचं, आणि तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा मिळतो. (दर्शन आधी की डोसा आधी, तुमचं तुम्ही ठरवा.)

नवख्या गल्लीत मी रेटिंग बघत नाही. पाटी कुठल्या लिपीत आहे आणि आजी-आजोबा कुठे बसलेत, ते बघते. खिशात थोडी रोकड असू द्या, काही छोट्या गाड्यांवर कार्ड चालत नाही.